दुसरी शिट्टी

दुपारच्या जेवणाआधीचा चहा अर्धा झाला होता तेव्हा लॅपटॉपवर तो लाल इशारा आला, की चाचणी क्षेत्रात कोणीतरी घुसलं आहे. मी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा आली ती चीडच आली. माझं ते चाचणी क्षेत्र म्हणजे तलासरी तालुक्यात उधव्याच्या पलीकडे, आमच्या पाड्यावर, माझ्याच माहेराला लागून मी काढून ठेवलेली एक रेघ. तिथून कावळे आणि बगळे सोडले तर कोणी उडत नाही, म्हणून तर ती जागा निवडली होती. मी डहाणूत मल्याणला एका खोलीत भाड्याने राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. पॅराग्लायडर उडवणारे लोक आपलं उड्डाण ज्या ॲपमध्ये नोंदवतात, त्या ॲपमधलं आकाश माझ्या ताब्यात आहे. असं म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. आकाशालाही हद्दी असतात, कुठे विमानतळाची, कुठे लष्कराची, आणि प्रत्येक हद्दीला खोलीसारखा एक तळ असतो आणि एक छत. कुठल्या हद्दीचा तळ बदलला, कुठली नवी आली, हे रोज बघायचं, कोपरे टाकायचे, रेघ जोडून घ्यायची. रेघ चुकली तर कामशेतला उडणारा कोणी बिचारा विनाकारण गुन्हेगार ठरतो, किंवा त्याहून वाईट, विमानाच्या वाटेत जातो आणि त्याला कोणी सांगत नाही. माझी रेघ आजवर चुकलेली नाही. माझं तोंड वाईट आहे असं सगळे म्हणतात, पण माझी रेघ वाईट आहे असं कोणी म्हणून दाखवावं.

मी पुण्याला, कंपनीतल्या रूपेशला फोन लावला. चाचणीचं खातं आम्हा दोघांचं सामाईक आहे, तेव्हा हा उद्योग त्याचाच असणार. "अगं बाई, मी आत्ता बाणेरला सिग्नलला उभा आहे," तो म्हणाला. "मी कशाला तुझ्या माहेरावर उडायला जाऊ? तुझं ते भूत असेल." भूत हा त्याचा जुना विनोद. ते क्षेत्र मी काढलं त्या दिवसापासून तिथे एक गोम आहे. हद्दीत शिरणाऱ्याची आत म्हणून नोंद होते, बाहेर पडला की ती मिटते. माझ्या क्षेत्रात मात्र एक नोंद कायम उघडी. कोणीतरी आत आहे, बाहेर पडलेलं नाही. कोणाचा फोन, कधी शिरला, काही नाही, नुसतं खाली कोपऱ्यात 'आत: १'. मी ती पुसली की पान पुन्हा उघडेपर्यंत परत हजर. रूपेशने दोनदा मुळापासून तपासलं आणि नाद सोडला. मीही सोडला, पण खरं सांगायचं तर त्या आकड्याकडे बघायचं मी टाळायचे, का ते माझं मला कळत नव्हतं.

आजची नोंद वेगळी होती. ही शिरत होती आणि बाहेर पडत होती, परत शिरत होती, परत बाहेर, जसं कोणी उंबरठ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर करत चाललंय. वेग बघितला तर माणसाच्या चालण्याचा. उंची जमिनीची. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. दिवाळीनंतर भूकंप सुरू झाले तेव्हा आईकडे फोन असावा म्हणून मी माझा जुना फोन तिला देऊन आले होते. त्यातलं चाचणीचं ॲप काढायचं राहून गेलं. एरवी तो फळीवर पडलेला असायचा, आज ती बरोबर घेऊन निघाली असणार. मला काही उडता येत नाही, त्यामुळे चाचणीसाठी मी गच्चीवर फेऱ्या मारायचे, आणि म्हणून त्या फोनला सांगून ठेवलं होतं की कोणी नुसतं चालायला लागलं तरी ते उड्डाणच समज. म्हणजे माझी आई पुतळी, जी एसटीतसुद्धा खिडकीशी बसत नाही, ती आज उडाली होती. मला हसू आलं. मग मी तिची वाट मोठी करून बघितली आणि हसू गेलं. ती माझ्या रेघेवरून चालली होती. आजूबाजूने नव्हे, रेघेवरून. जिथे माझी रेघ जांभळीपाशी वळते तिथे ती वळली होती, जिथे ओहोळाच्या काठाने आत येते तिथे आत आली होती. एका कोपऱ्यात मी उगाच एक वाकडा सुळका काढला होता, हात घसरला असं तेव्हा वाटलं होतं. तिथे तीही तो सुळका चालून आली होती. आईने ती रेघ बघितलेली नाही. तिला नकाशा कळत नाही. आणि मी ती रेघ मनाला येईल तशी काढली होती, असं मी इतकी वर्षं समजत होते.

सुळका म्हणजे धाकल्याकाकाचं कुंपण. ते मला आठवलं आणि मग बाकीचंही, मी नको नको म्हणत असताना. आमच्या घरामागे दगडाची खाण होती. आता तिथे नुसता खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी. माझा बाप, चिमण, त्या खाणीवर सुरुंग लावायचा. दुपारी मजूर जेवायला बसले की बार उडवायची वेळ. त्याआधी तो लाल फडकं बांधलेली काठी घेऊन सगळ्या खाणीला एक फेरा घालायचा. जांभळीपासून ओहोळ, तिथून ताडाची झाडं, धाकल्याकाकाच्या कुंपणाला वळसा, मग आमचं घर. तोंड बाहेरच्या बाजूला, कोणी येत नाही ना बघत, "होऽऽ, बार हाय, बार हाय" असं ओरडत. फेरा पुरा झाला की एक शिट्टी. पहिली शिट्टी झाली की जो असेल त्याने असेल तिथे आत व्हायचं. आमचं घर रेघेच्या इतकं जवळ की आई मला घेऊन खाटेखाली बसायची. तिच्या हाताला सुक्या बोंबलाचा वास, माझ्या कानात माझीच बोटं. बार आधी पायांना कळायचा, मग कानाला. मग बाप उलटा फेरा घालायचा, या वेळी तोंड आत, एक एक बार फुटला का बघत, आणि सगळं ठीक असलं की दुसरी शिट्टी. दुसऱ्या शिट्टीशिवाय बाहेर पडायचं नाही. देव आला दारात तरी नाही, बाप म्हणायचा. मी चौथीत होते. एक दिवस पाय हादरले, कान हादरले, आणि दुसरी शिट्टी झालीच नाही. थोड्या वेळाने आणखी एक बार झाला, एकटा. आम्ही बसून राहिलो. मला लघवीला लागली होती, मी उठायला बघत होते आणि आईने माझी वेणी मुठीत धरून ठेवली होती. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं, तरी आम्ही खाटेखाली. शेवटी माणसं आली आणि त्यांनी आईला ओढून बाहेर काढलं. एक बार फुटला नव्हता, तो बघायला बाप आत गेला होता. तो असा काही उरला नव्हता की आईला दाखवावा, म्हणून त्यांनी दाखवला नाही. तिने विचारलं ते एकच, मला बाहेर काढता, मग शिट्टी कुणी मारली? त्या वेळी सगळ्यांना वाटलं बाई भ्रमिष्ट झाली.

मी स्कूटर काढली. तलासरीच्या पुढे रस्त्याकडेला शाळा दिसली, पोरं मैदानात बसून पाढे म्हणत होती आणि वर्ग मोकळे होते. पाड्यावर प्रत्येक अंगणात ताडपत्री, खाटा बाहेर, चुली बाहेर, देवसुद्धा कोणी कोणी बाहेर आणून ठेवलेले. जानेवारीच्या थंडीत म्हातारी माणसं गोधड्या पांघरून उन्हाला बसली होती. आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला ते पहिल्यांदा जाणवलं, इथे सगळे पायांनी ऐकत होते. बुधीबाई शेजारीण, तिने मला बघितलं आणि तिथूनच सुरू झाली. "आलीस होय! तुझी आयस कुणाचं ऐकत नाय बग. सरकारचे लोक आले, तंबू दिला, तर तो तिने शेळ्यांना दिला. सगळा पाडा भाईर झोपतो, ही आत. आनि रोज दुपारला लाल कापड घेऊन फिरते. बार हाय, बार हाय. लोकांची पोरं घाबरतात गो!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागची भिंत बग जरा जाऊन."

मी मागची भिंत बघितली. वरपासून खालपर्यंत तडा, आणि त्या तड्यातून मला आतली खाट दिसली आणि खाटेच्या कडेला आईचा पाय. बाहेरून घर बघावं आणि फटीतून आपल्या आईचा पाय दिसावा. मी पुढे जाऊन दारातूनच ओरडायला लागले, मला दुसरं काय येतं? "आये, वेडी झालीस का तू? भिंत अंगावर येईल तेव्हा निघणार आहेस? ऊठ, कपडे भर, माझ्याबरोबर डहाणूला चल." ती खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. लाल ब्लाउजपीस बांधलेली काठी दाराशी टेकवलेली, माझा जुना फोन पदराच्या गाठीत. तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "आत ये नायतर भाईर जा," ती म्हणाली. "उंबऱ्यावर नको उभी राहू. फेरा झालाय."

"कसला फेरा? तो भूकंप आहे आये. जमीन हलते आपोआप. टीव्हीवर सांगतात, हादरा बसला की घराबाहेर पळा."

"टीव्हीवाल्यांना काय ठाऊक? बार कुठून येतो ते मला कळत नाय? पायाखालून येतो. तसाच येतो." मग अगदी समजावल्यासारखं, "तुझा बा आत हाय ना अजून. दुसरी शिट्टी झाली नाय. मी कशी भाईर पडू?"

मी काहीतरी जहाल बोलणार होते. आणि तेवढ्यात तो आला. आधी पायांना. चपलेच्या तळातून वर, गुडघ्यापर्यंत, जशी कोणी खालून मूठ आपटली. मग आवाज, गडगड नव्हे, एकच दबलेला ठोका, आणि फळीवरची भांडी वाजायला लागली. मी बाहेर पळायला वळले आणि माझी वेणी मागे ओढली गेली. आईने धरली होती. त्या सुकलेल्या हातात कुठून इतकी ताकद आली कोण जाणे, तिने मला खाली खेचलं आणि मी पस्तिशीला आलेली बाई खाटेखाली तिच्या कुशीत पडले, तोच बोंबलाचा वास, आणि माझी बोटं माझ्या कानात गेली. मी घातली नव्हती, ती गेली. वरून माती पडत होती. तड्यातून येणारी उजेडाची पट्टी रुंद झाल्यासारखी वाटली. हादरा गेला. बाहेर कुत्री गप्प, कोंबड्या गप्प, सगळा पाडा गप्प. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा शिट्टीची वाट बघत होते. कान लावून. आईचं ते वाट बघणं कधी थांबलंच नव्हतं, आणि मी शिकून, डहाणूत खोली घेऊन, आकाशाच्या रेघा ओढत बसले होते तेव्हाही माझा एक पाय इथेच खाटेखाली होता. मला फार रडू आलं. तिने माझी वेणी सोडली नाही.

"मग तू मार ना शिट्टी," मी म्हटलं. "पहिला फेरा तू घालतेस, दुसराही घाल, संपव एकदाचं."

"आतल्यानं नाय मारायची. भाईरचा असतो तो मारतो. आतल्यानं मारली तर तिला काय अर्थ?" ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता, "तू भाईर असतेस."

मी उधव्याला गेले. बाजाराचा दिवस नव्हता, दोन दुकानं उघडी. एकात शिट्ट्या नव्हत्या, दुसऱ्यात जत्रेतला उरलेला माल होता, त्यात पिपाण्या आणि एक लाल प्लास्टिकची शिट्टी, दोरीसकट. दुकानदार म्हणाला, पोराला का? मी हो म्हटलं. परत आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. जांभळीपाशी उभी राहिले आणि मला स्वतःचाच राग आला, ही काय थेरं चालवली आहेत मी! धाकल्याकाका अंगणातून बघत होता, बुधीबाई बघत होती, सगळा पाडा ताडपत्र्यांखालून बघत होता, आणि कोणी हसत नव्हतं. मी उलट्या बाजूने निघाले, घरामागून, कुंपणाचा वळसा घेत. दुसऱ्या फेऱ्यात आत बघत चालायचं असतं. म्हणून मी आत बघितलं. हिरवं पाणी, त्यात ताडांची डोकी उलटी. वारा नव्हता आणि तरी पाणी मधोमध थरथरत होतं, एवढ्याशा जागेत, बाकीचं स्थिर. एक एक जागा बघत गेले, जसा तो बघायचा. ताडांच्या इथे मला चपला ऐकू आल्या. माझ्या नव्हत्या, मी थांबले तरी दोन पावलं आल्या आणि मग थांबल्या. रेघेच्या आतून, माझ्या बरोबरीने, खडीवरून. टायरच्या चपलांचा असा ओढल्यासारखा आवाज असतो. खाणीवर सगळे त्याच घालायचे. आत पाणी होतं. खडी इतक्या वर्षांत कुठे उरलीय? पळावंसं वाटलं. पण शिट्टी माझ्याकडे होती आणि आई आत होती, आणि पळाले तर ती उद्याही आतच राहणार, त्या भिंतीखाली. मी चालले. चपला चालल्या. ओहोळापर्यंत, ओहोळापासून जांभळीपर्यंत. तिथे फेरा पुरा झाला. मी पाण्याकडे बघत म्हटलं, "सगळे फुटले, बाबा. एकही राहिला नाही. चला आता." माझा आवाज चौथीतल्या पोरीचा येत होता. मग मी शिट्टी मारली. स्वस्तातली शिट्टी, तिचा आवाज कसला तो, फाटका, किरटा. तरी मी दम संपेपर्यंत मारली.

घराचं दार तसंच राहिलं. मला वाटलं, नाही ऐकलं तिने, फुकट गेलं सगळं. मग आई बाहेर आली. एका हातात बोचकं, दुसरा हात उन्हाला आडोसा म्हणून डोळ्यांवर धरलेला. अंगणात उभी राहून तिने सगळीकडे बघितलं, तंबूतल्या शेळ्या, ताडपत्र्या, माणसं, जणू आत्ताच कुठून लांबून आली आहे. मग काठीचं लाल फडकं सोडलं, घडी करून कमरेला खोचलं. "किती उशीर लावला," ती म्हणाली. मला की आणखी कोणाला, ते मी विचारलं नाही. स्कूटरवर ती डहाणूपर्यंत मला घट्ट धरून बसली.

तीन-चार दिवसांनी धाकल्याकाकाचा फोन आला. पहाटेच्या हादऱ्यात मागची भिंत गेली, सगळीच्या सगळी, खाटेवर. खाट काढायला दोन माणसं लागली. मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने मान हलवली आणि खडा बाजूला टाकला.

त्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. इतके दिवस मी चाचणी क्षेत्राचं पान उघडलं नव्हतं. आता ती रेघ पुसून टाकायची, असं ठरवून बसले. पान उघडलं, रेघ आली, आईचा फेरा आला, खाली कोपरा आला. आणि त्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आत: ०'. मी पान पुन्हा उघडलं. शून्य. मी रूपेशला विचारलं, तू काही केलंस का? तो म्हणाला, त्या नोंदीला कोण हात लावतंय, बाई! मी त्या शून्याकडे बघत बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला हुंदकाच फुटला, कारण इतकी वर्षं तो आकडा मला नकोसा होता, आणि इतकी वर्षं तो तिथे होता. माझ्या रेघेच्या आत मी त्याला सांभाळून होते आणि मला ठाऊक नव्हतं. आता तिथे कोणी नव्हतं. मला पुसता येईना, पान बंद करता येईना.

पायांना कळलं. फरशीतून वर, मग खिडकीच्या काचा, मग टेबलावरचा कप सरकायला लागला. डहाणूपर्यंत असा जोराचा पहिल्यांदाच येत होता. जिन्यावरून माणसं पळाल्याचा आवाज झाला. आणि मी उठले नाही. खुर्चीत तशीच, दोन्ही बोटं कानात, कशाची तरी वाट बघत.

खालून रस्त्यावरून आईची हाक आली. ती माझ्या आधी, सगळ्यांच्या आधी खाली पोचली होती, अनवाणी, हातात तांदळाचं सूप तसंच.

"शितले, आत काय बसलीस? भाईर ये गो! आता नुसता भूकंप हाय तो!"